गुरुवारचे भिडू

तळेगाव दाभाडे
१५ नोव्हेंबर २०२४

प्रिय नथू,

माझा जय भीम आणि तुझ्या रतनवहिनीचा नमस्कार. अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझी तब्येत सुधारते आहे असं अनिताकडून कळलं, बरं वाटलं. फोनवर तुझं बोलणं मला नीट लागत नाही, आणि लागलं नाही की तू चिडतोस, म्हणून पत्र लिहा असं तिनेच सुचवलं. पत्र तिला तुला सावकाश वाचून दाखवता येईल, पाहिजे तर दोनदा. सूनबाई, माझं अक्षर कुठे अडलं तर अंदाजाने वाचू नकोस, सरळ फोन कर.

इकडे थंडी पडली आहे. कुसगावच्या गोल्फच्या ग्राउंडवर सकाळी इतकं दव असतं की चेंडू गेला तिकडे गवतात ओली रेघ उमटते, त्यामुळे आमच्यासारख्यांनाही तो सापडतो. गोरखचे गुडघे होते तसेच आहेत. प्रत्येक होलला तो म्हणतो, हा शेवटचा, आता बसतो, आणि बसत नाही.

किती जण येतात असं तू विचारलं होतंस. येतात. गोरख येतो, मी येतो, आपल्या कंपनीच्या पेंट शॉपचे दोघे येतात. दिवाळीला गावी गेलेले अजून परतले नसतील.

नवीन माणसं मिळवायची म्हणून मी आमच्या सोसायटीच्या बोर्डावर कागद लावला होता. साठीच्या पुढच्यांसाठी गोल्फ, दर गुरुवारी, शिकवलं जाईल. दोघींनी चौकशी केली, की यात पावलं किती होतात. प्रितम म्हणून एक गृहस्थ मात्र खरंच आले. बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले, अंगाने खणखणीत. मला वाटलं, हा माणूस आपल्यानंतर मंडळ चालवेल. दोन गुरुवार आले, तिसऱ्या गुरुवारी लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, काका, खेळ चांगला आहे, पण जाऊन येऊन अर्धा दिवस मोडतो. त्यांना नातवाला शाळेत सोडायचं असतं, मग योगाचा वर्ग, मग सोसायटीच्या कोर्टवर पिकलबॉल. वीस मिनिटांत डाव संपतो म्हणे.

त्यांना मी काय सांगणार? आपल्याला तर कुणी बोलावलंही नव्हतं. अप्रेंटिस म्हणून आपण एकाच दिवशी लागलो, कैक वर्षांनी ऑफिसर झालो, आणि कंपनीच्या ऑफिसरांचं ते ग्राउंड आपल्याला उघडलं. टाकव्यात तुझं घर भर गावात, आमचं ओढ्यापलीकडे. लहानपणी तुझ्या आईने माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं, ते तुलाही आठवत असेल. ग्राउंडवर पहिल्या दिवशी तू अर्धी बाटली पिऊन माझ्या हातात दिलीस, मी तोंड लावून प्यायलो, आणि कुणी वळूनही बघितलं नाही. मला गोल्फचा नाद लागला तो तिथे. हे तुझ्याजवळ कधी बोललो नव्हतो.

बाकी विशेष नाही. कंपनी गेली आणि ग्राउंड रिसॉर्टकडे आलं, तेव्हा तू भांडून गुरुवारची सकाळ आपल्या मंडळासाठी राखून घेतली होतीस. आता त्या वेळी आयटीवाल्यांच्या सहली येतात, म्हणून आपल्याला दुपारी बाराची वेळ देणार म्हणतात. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना डॉक्टरचा दाखला आणि बॅटरीची गाडी सक्तीची. मी बोलून बघतो. तू सेक्रेटरी असतास तर बोलून बघितलं नसतंस, नुसता बोलला असतास.

हो, मागच्या आठवड्यात तुझा मुलगा सार्थक तिथे दिसला. बरोबर पाहुणे होते, ग्राउंडचे फोटो काढत होते. घाईत होता, बोलणं झालं नाही.

व्यायाम चालू ठेव. तुझी जागा धरून ठेवली आहे.

तुझा,
निवृत्ती


तळेगाव दाभाडे
७ मार्च २०२५

चि. सौ. अनितास अनेक आशीर्वाद.

पाकिटात दोन कागद आहेत. हा तुझ्यासाठी. आधी एकटीने वाच, नथूसमोर नको.

गोरख गेला. जानेवारीत छातीत कफ झाल्याचं निमित्त झालं, चार दिवस दवाखान्यात होता. नथूला कळवू नये असं मीच ठरवलं, म्हणून तुम्हालाही कळवलं नाही.

त्याच्या दहाव्यानंतर पहिल्या गुरुवारी आम्ही ग्राउंडवर गेलो. मी आणि पेंट शॉपचे दोघे. खेळायचं मन कुणालाच नव्हतं, जांभळीखालच्या बाकावर बसलो होतो. तिथे सार्थक आला. घरी तुला यातलं किती सांगितलं आहे, मला ठाऊक नाही, म्हणून लिहितो. रिसॉर्ट विकलं गेलं. ग्राउंडवर बंगले होणार आहेत, मुंबईच्या लोकांना शनिवार-रविवारी यायला. घेणारे चौघे आहेत, त्यातला एक सार्थक. म्हातारी माणसं त्याच्या ओळखीची, म्हणून बाकीच्यांनी सांगायला त्याला पुढे केलं.

तो आधी पाया पडला. मग उभ्यानेच म्हणाला, "काका, मी नाही म्हटलं असतं तरी हे झालंच असतं. फक्त माझ्याशिवाय झालं असतं."

मी विचारलं, "नथूला माहीत आहे?"

"नाही. आणि तुम्ही सांगू नका. पायात बळ आलं की गुरुवारी ग्राउंडवर जायचं, एवढ्यासाठी ते रोज व्यायामाला उठतात. ते गेलं तर उठणार नाहीत."

अनिता, मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण तो बोलत होता त्याच्या पाठीमागे मला ग्राउंड दिसत होतं, पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत, आणि त्यावर एक माणूस नव्हता. आम्ही पन्नास असतो तर कलेक्टरकडे गेलो असतो, पेपरात दिलं असतं, गेटवर बसलो असतो. आम्ही तिघे होतो, आणि त्यातल्या एकाला सार्थक काय म्हणाला ते ओरडून सांगावं लागलं. गेल्या दहा वर्षांत एकही नवा माणूस आमच्याकडे टिकला नाही. सार्थकने ग्राउंड घेतलं नसतं तरी एक-दोन वर्षांत आम्हीच ते रिकामं केलं असतं. हे मला त्याच्यासमोर उमगलं, आणि मी त्याला एवढंच म्हणालो, की नथूच्या गोळ्या वेळेवर दे.

आता तिथे रस्त्याच्या कडेने पत्रे ठोकले आहेत.

दुसरा कागद नथूला वाचून दाखव. त्यातलं काहीही घडलेलं नाही. तो उठायचा थांबला तर काय करायचं, हे मला सुचलं नाही, म्हणून लिहिलं. तुला वाचताना जड गेलं तर फाडून टाक, मी काही विचारणार नाही.

तुझा,
निवृत्तीकाका


प्रिय नथू,

जय भीम. कालचा गुरुवार झकास झाला. अकरा जण होते. ते प्रितम परत आले आणि बरोबर मेहुण्यालाही घेऊन आले. मेहुणा उंच आहे, पहिल्याच फटक्याला चेंडू पार ओढ्यापर्यंत. रतनसुद्धा आली होती. तिने स्टिक लाटण्यासारखी धरली, पण चेंडू गेला.

रिसॉर्टने सकाळची वेळ परत दिली. मी जरा आवाज चढवला, तुझी आठवण ठेवून.

गोरख मजेत आहे. सातव्या होलला त्याचा चेंडू बंकरमध्ये, त्या वाळूच्या खड्ड्यात, पडला. त्याने एका फटक्यात बाहेर काढला, थेट झेंड्याजवळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे तुझी विचारपूस करतात. पाय रोज हलव, आळस करू नकोस. पावसाळ्याआधी तू इथे यायला हवास.

तुझा,
निवृत्ती
सेक्रेटरी, गुरुवार मंडळ


तळेगाव दाभाडे
१० एप्रिल २०२५

प्रिय नथू,

जय भीम. अनिताचा फोन आला होता. झालं ते तिने सगळं सांगितलं, तुझे शब्द जसे अडखळत आले तसेच सांगितले.

ती म्हणाली, मेहुण्यापर्यंत, रतनपर्यंत तू डोळे मिटून ऐकत होतास. बंकरचं आलं तेव्हा तू डोळे उघडलेस आणि तिला ते परत वाचायला लावलंस. मग म्हणालास, "गोरख्या एका फटक्यात भाईर? आख्ख्या जन्मात न्हाई आला त्यो. गेला आसंल." आणि थोड्या वेळाने, "निवृत्त्याला खोटं लिवता येत न्हाई."

मग तू विचारत गेलास आणि तिला लपवता आलं नाही. तिला दोष देऊ नकोस. ती फोनवर रडत होती.

सार्थक घरी आला तेव्हा त्याला सगळ्यांसमोर बोलशील अशी तिला भीती होती. तू त्याला जवळ बसवलंस, आणि वहिनींना म्हणालास म्हणे, "पोराला कुनी काय बोलू नका. टाकव्याची जमीन कारखान्याला म्या इकली, तवा मला कुनी आडवलं व्हतं?" हे मला तिने दोनदा सांगितलं.

आणि माझ्यासाठी निरोप, की खरं काय ते लिही. तर लिहितो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी आम्ही तिघे शेवटचे गेलो. गेटवरचा माणूस आधी सोडेना, मग म्हणाला, साहेब लोक जेवायला गेलेत, तेवढ्यात उरका. दोन महिने पाणी मारलेलं नव्हतं. गवत पिवळं पडलं होतं, झेंड्याभोवतीच्या ग्रीनला भेगा गेल्या होत्या, झेंडे काढून नेले होते. पहिल्या होलपाशी जेसीबी उभा होता, म्हणून आम्ही दुसऱ्यापासून सुरुवात केली. म्हणजे करणार होतो. पेंट शॉपच्या त्या बहिऱ्याने पहिला फटका मारला. चांगला बसला, आवाजावरून मला कळलं. त्याने विचारलं, कुठे गेला? मी दुसऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. माझ्या डोळ्यांना आता तेवढं लांबचं दिसत नाही, त्याचा मोतीबिंदू पिकला आहे. तिघांपैकी एकानेही चेंडू जाताना पाहिला नव्हता. आम्ही थोडा वेळ त्या दिशेला तोंड करून उभे राहिलो. मग स्टिका पिशवीत टाकल्या आणि परत फिरलो. तो चेंडू शोधलासुद्धा नाही.

त्यानंतर मी एकदा पुण्याच्या ग्राउंडवर चौकशी करून आलो. माणसं सभ्य होती. तुमच्या वयाचे आमच्याकडेही होते, म्हणाले, आता कमी होत चालले आहेत. तिथवर जायला निघावं लागेल पहाटे, आणि गाडी चालवणार कोण? दोघांनी ऐकूनच नको म्हटलं. बहिरा आता मुलीकडे इंदूरला कायमचा चालला आहे. दुसऱ्याला घरचे एकट्याला बाहेर सोडत नाहीत. मंडळ बंद झालं असं कुणी जाहीर केलं नाही. जाहीर करायचं कुणाला?

रतनने सुचवलं, सोसायटीच्या बागेत पोरांना शिकवा. मी दोन संध्याकाळी जाऊन बसलो. काचा फुटतील म्हणून कमिटीने हरकत घेतली, ती बरोबरच होती.

आता विहारात चौदा एप्रिलची तयारी चालू आहे. पोरांनी मला अध्यक्ष केलं आहे. काम काही नाही, खुर्चीवर बसायचं आणि हार घालून घ्यायचा. चांगली पोरं आहेत. माझा हात धरून पायऱ्या चढवतात आणि वर नेऊन सोडतात, मग त्यांचं त्यांचं बोलणं सुरू होतं.

अनिता सांगत होती, त्या दिवसापासून तू व्यायामाला उठत नाहीस. शिकवणारी बाई येते, तू भिंतीकडे तोंड करून पडून राहतोस. ऊठ, पाय हलव, असं लिहायला मी पेन हातात घेतलं होतं. पण तू विचारशील, कशासाठी, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मागच्या वेळी होतं ते मी बनवलेलं होतं, आणि तेही तुला पटलं नाही. गोरखला बंकरमधून काढायला नको होतं. आतच ठेवला असता तर तू आज उठून बसला असतास, असं मनात येतं.

सार्थकचाही फोन आला होता. गाडी पाठवतो, खराडीला येऊन बाबांना भेटून जा, म्हणाला. मी नको म्हटलं. रागाने नाही. दारात तो पुन्हा वाकेल आणि मला त्याच्या पाठीवर हात ठेवावा लागेल, तेवढं आता माझ्याच्याने होणार नाही. बस बदलत यायचं म्हटलं तर रतन सोडत नाही. त्यामुळे आपली भेट होईल असं मला वाटत नाही, नथू. हे मी एरवी लिहिलं नसतं. तू खरं लिही म्हणालास.

गुरुवारी सकाळी मला अजून लवकर जाग येते. बूट घालत नाही. चहा घेतो आणि ऊन वर येईपर्यंत गॅलरीत बसून राहतो. त्या वेळी तू जागा असलास तर मीही जागा आहे, एवढं ध्यानात असू दे.

सेक्रेटरी म्हणून सही करायची सवय लागली होती. आता नुसता,

तुझा,
निवृत्ती