हातभर जास्त

३ मार्च, सोमवार

गुरुजी आले. म्हणजे आणले. गाडीच्या मागच्या सीटवर आडवे, उशाला त्यांचं ते जाडजूड धर्मपुस्तक. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता घरीच ठेवा. घरी म्हणजे आमच्याकडे. लेक एकच, जावई एकच. आणि जावई कबरी खणणारा! सासऱ्याला याहून सोयीचं घर कुठे मिळणार?

हिने शिवणयंत्र हलवून खोली झाडली, चादर बदलली, उशी दोनदा झटकली. पण बापाशी एक शब्द नाही. दारात उभी राहून मला म्हणाली, "त्यांना सांगा, संडास उजव्या हाताला आहे." गुरुजी तिच्यापासून चार फुटांवर. कान त्यांचे माझ्यापेक्षा तिखट. तरी मी सांगितलं.

एकोणीस वर्षं हे असंच चाललंय. मी मधला टपाल्या.

५ मार्च

दोन कबरी. पाठ मोडली. एवढंच.

६ मार्च

गुरुजींना आज बोलायची हुक्की आली. अर्ध्या गावाला त्यांनी धर्म शिकवला. मलाही. चाळीस वर्षं तोच पहिला धडा: पहिल्या बाईने देवाने मना केलेलं फळ तोडलं, पहिल्या माणसाने खाल्लं, आणि मरण जगात आलं. ज्याने काहीच केलं नाही तोही मरतो, कारण रक्त तेच. वर्गात मी एकदा हात वर केला होता. "गुरुजी, त्यांनी खाल्लं नसतं तर आमच्या दादांना काम कुठून मिळालं असतं?" सपकन छडी!

आज स्वतःच म्हणाले, "जावईबापू, तेव्हा छडी दिली. उत्तर दिलं नव्हतं."

"मग आता द्या."

"अजून सापडलं नाही," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. झोपेचं सोंग वठवण्यात म्हातारा पटाईत.

दादांची आठवण आली. माझे वडील. गावात त्यांचं नाव 'हातभर', कारण त्यांची प्रत्येक कबर पायाकडे हातभर लांब असायची. जुने पाद्रीबाबा ओरडायचे, जागा फुकट घालवतोस, माप येत नाही तुला! दादा मान खाली घालून म्हणायचे, "मयताला पाय पसरायला जागा होते." आणि पुढची पुन्हा हातभर जास्त. मलाही तशीच सवय लागली. बापाची चूक, लेकाच्या अंगवळणी.

दुसरी एक गोष्ट शिकवली ती मात्र पक्की. माती विसरत नाही. एकदा उघडली की पुन्हा तशी मिटत नाही. पन्नास वर्षांनी पहार लावा, आपल्या वजनानेच खाली जाते. कधीच न उघडलेली माती मात्र पहारीला दात दाखवते.

९ मार्च, रविवार

प्रार्थना सुटली आणि ही नेहमीसारखी भिंतीच्या मागे गेली. ओलं फडकं घेऊन. मी फाटकाशी उभा राहिलो. एकोणीस वर्षांत एक रविवार चुकवलेला नाही हिने.

आमचा मुलगा पाऊण तास जगला. बाप्तिस्म्याला वेळच मिळाला नाही. तेव्हाचा नियम असा की, असं मूल भिंतीच्या आत पुरायचं नाही. पहिल्या पापाचा डाग धुतलेला नाही म्हणून बाहेर! पेटीबरोबर कुणी यायचं नाही, आईबापानेही नाही. खणणाऱ्याने एकट्याने न्यायची, वर एक दगड ठेवायचा. दादांच्या काळातले अकरा दगड होते. आमचा बारावा.

जुने पाद्रीबाबासुद्धा त्या दिवशी कचरत होते. गुरुजींच्या तोंडाकडे बघत होते. आणि गुरुजी, माझ्या बायकोच्या खाटेजवळ उभे राहून, म्हणाले, "माझा नातू म्हणून सूट नको. मरण हा दंड आहे. तो जन्मासकट मिळतो." तेव्हापासून ही बापाशी बोललेली नाही. दोन वर्षांनी नवे पाद्रीबाबा आले, त्यांनी नियम मोडीत काढला. पण बोललेलं थोडंच मोडीत निघतं?

आता लिहितोच. या पानांनाही कधी सांगितलं नाही.

तो तिथे नाही. पेटी घेऊन मी एकटाच निघालो, बाप म्हणून नाही, खणणारा म्हणून. भिंतीबाहेर फावडं उचलवेना. आत वळलो. माझ्या आईच्या नव्या कबरीत पायाकडे ती हातभर जागा होती, दादांनी सोडलेली, माती अजून भुसभुशीत. तिथे ठेवला त्याला. बाहेर नुसता दगड टाकला.

तिला सांगितलं असतं तर ती आईच्या कबरीवर जाऊन रडली असती, चार लोकांनी पाहिलं असतं, आणि जुन्या पाद्रीबाबांनी पोराला उकरून काढलं असतं. म्हणून गप्प बसलो. मग नियम गेला, तोवर तिचा त्या दगडावर जीव जडला होता. आज सांगू, उद्या सांगू करता करता एकोणीस वर्षं! लाज वाटते.

११ मार्च

मेलो!

गुरुजींनी दुपारी हाक मारली. शेजारच्या खोलीत हिचं यंत्र खडखडत होतं.

"ती गोष्ट मी चाळीस वर्षं शिकवली," म्हणाले, "आणि शिक्षा सुनावली की पुस्तक मिटायचो. पुढचं सांगायचं राहिलं."

"पुढे काय आहे?"

"त्या दोघांना बागेतून बाहेर काढण्याआधी देवाने स्वतः त्यांच्यासाठी कपडे केले. कातड्याचे. अंगावर घातले. बाहेर थंडी असते ना! मरण हा दंड आहे, ते मी सोडत नाही. पण दंड देणारा कपडे शिवत बसला, हे मी एका पोराला सांगितलं नाही."

यंत्र थांबलं होतं.

"आणि बाहेर काढलं ते सगळ्यांनाच. मग त्या भिंतीच्या आतले कोण लागून गेले? मला बाहेर पुरा. नातवाशेजारी. माफी मागायला तोंड नाही माझं, शेजारी पडून तरी राहतो."

ही ऐकत होती. नातवाशेजारी म्हणजे तो दगड हलवायचा. तिच्यादेखत खणायचं. आणि खाली काय? काही नाही!

१२ मार्च

सांगावं लागणार. आज जमलं नाही.

१३ मार्च

सांगितलं. ती बटणं लावत होती. सगळं सांगून होईपर्यंत सुई हातातच राहिली.

"म्हणजे एकोणीस वर्षं मी धोंड्याशी बोलत होते?"

हो म्हणालो.

"आणि तुम्ही फाटकाशी उभे राहून बघत होतात."

हो.

सुई कापडात खोचली, उठली, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल, भांडं फेकेल. काहीच नाही. त्यापेक्षा भांडं परवडलं असतं.

१४ मार्च

आता या घरात तिच्याशी बोलायची बंदी असलेले दोघं. सासरा आणि जावई एकाच होडीत. पण माझ्यापर्यंत निरोप कोणामार्फत धाडायचा? चिठ्ठी आली, चहाच्या कपाखाली: "त्यांना सांगा सूप गार होतंय. तुमचं पण."

गुरुजींनी विचारलं, "तुझं काय झालं?" म्हटलं, तुमचाच आजार, लागण झाली.

१६ मार्च, रविवार

ती भिंतीच्या मागे गेली नाही.

आत गेली. फडकं घेऊन, सरळ आईच्या कबरीशी. पायाकडे बसली. मी फाटकाशीच. बऱ्याच वेळाने तिने मान वळवली आणि हाताने बोलावलं. जाऊन शेजारी बसलो.

"सासूबाईंच्या पायाशी ना?" म्हणाली. "बरं केलंत. त्यांना लहान मुलांची सवय होती."

आणि मग रडली. मीही. एवढा मोठा माणूस, नाकातोंडातून पाणी! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला बघ. एकोणीस वर्षांनी नीट श्वास घेतला. परतताना म्हणाली, "पुन्हा काही लपवलंत तर तुमची कबर मी खणीन." म्हटलं, हातभर जास्त खण.

आज जेवलो पोटभर.

१७ मार्च

ती म्हणाली, "त्यांना सांगा. खरं काय ते." निरोपच, पण केवढा!

गुरुजींना सांगितलं. वाटलं होतं, नियम मोडला म्हणून उखडतील. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तू माझं ऐकलं नाहीस."

"नाही."

"देवाचे उपकार." माझा हात धरला. हात नुसता हाडांचा, पण पकड मास्तरचीच. "तरी मला बाहेरच ठेव. उरलेली अकरा आहेत ना तिथे. त्यांच्या आईबापांना तो धडा मीच शिकवला होता. पोरांजवळ कुणी मोठं माणूस नको का?"

दाराबाहेर ही उभी होती. आत आली नाही. गेलीही नाही.

१९ मार्च

जिवंत माणसाची कबर खणत नाहीत. पण जागा चाचपून ठेवायला हरकत नाही. अकरा दगड दाटीवाटीने आहेत. पोरांना धक्का न लावता मोठं माणूस कुठे बसेल ते बघायला सकाळी पहार घेऊन गेलो.

पहिल्या दगडापाशी पहार हळूच टेकवली. खाली जाईना. जोर लावला. ठण्ण! दात दाखवले मातीने. दुसऱ्यापाशी तेच. तिसऱ्यापाशीही. अकराही दगड हलवून पाहिले. माती सलग, कधीच न उघडलेली.

दादा! म्हणून हातभर जास्त!

धावत घरी आलो. तिला स्वयंपाकघरात गाठून कसंबसं सांगितलं. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले. "त्यांना सांगा" म्हणाली नाही. स्वतः खोलीत गेली, खाटेच्या कडेवर बसली.

"बाबा," म्हणाली, "बाहेर कुणीच नाही."