न मरणारी वाल्ट्राउट

७ नोव्हेंबर १९९४, सोमवार. ग्योटिंगेन.
संकल्प: शुक्रवारपर्यंत निकाल. नाहीतर स्कॉलरशिप बंद, असं गाईड ब्र्यूगेमानबाईंनी तिसऱ्यांदा बजावलंय. प्रयोग तसा सोपा. बाहेरची वीज अडवणाऱ्या दाट जाळीच्या पिंजऱ्यात, बशीतल्या चेतापेशीला काचेची सुई लावायची आणि वरून असिटिलकोलिन हे रसायन सोडायचं. त्याचा निरोप आत पोचला की पोटॅशियमची दारं मिटतात, पेशी चेकाळते. आज सात पेशी मेल्या. पेशींचा दर्जा घसरलाय.

८ नोव्हेंबर
अकरा मेल्या. बस गेली की टेबल हादरतं, सुई निसटते. महापौरांना पत्र लिहिणार. शेजारच्या टेबलावरची ऑर्ट्रुन म्हणाली, बस काय फक्त तुझ्याच टेबलाखालून जाते का? दुर्लक्ष केलं.

९ नोव्हेंबर, सकाळी ११
पेशीची वीज मोजणारं मशीन कुरकुरतंय. ऑर्ट्रुनला तपासायला सांगून खायला गेलो.

दुपारी १
आलो तर स्क्रीनवर पेशी लागलेली. रेषा कशी, आखल्यासारखी. ऑर्ट्रुन सांगायला लागली, एखार्ट, त्या जाळीच्या पिंजऱ्यात मी... तिला तिथंच थांबवलं. आता पिंजऱ्याला कुणीही हात लावायचा नाही, हादरा बसेल. रसायन बाहेरूनच नळीनं सोडणार.

१० नोव्हेंबर
चोवीस तास जिवंत! इतरांच्या पेशी तासाभरात माना टाकतात. असिटिलकोलिन सोडलं: ढिम्म. दहापट: ढिम्म. शंभरपट: तेच. म्हणजे शोध मोठाच आहे. कुणाचाही निरोप न घेणारी पेशी. नाव ठेवलं वाल्ट्राउट. माझी आत्या. तीही कुणाचं ऐकत नाही. ऑर्ट्रुन दोनदा म्हणाली, अरे बाबा, माझं जरा ऐकशील का? जळते बिचारी.

११ नोव्हेंबर, दुपारी २
बाईंनी सरळ पिंजऱ्याचं दार उघडलं. सुईच्या जागी काडेपेटीएवढी डबी. मशीन तपासायला ऑर्ट्रुननं लावलेली नकली पेशी. आत एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. बाई शांतपणे म्हणाल्या, एखार्ट, ही मरेल कशी? ही आपण दुकानातून आणलीय. तुम्ही दोन दिवस रिकाम्या बशीला रसायन पाजत होतात.

म्हटलं, पण हिच्यावर थेट कुणी कुठं टाकून बघितलंय? खरा शास्त्रज्ञ काम अर्धवट सोडत नाही. त्या नको नको म्हणेपर्यंत डबीवर चांगलं चमचाभर ओतलं. रेषा टुणकन वर गेली. मग स्क्रीन काळी.

संध्याकाळी ५
स्कॉलरशिप बंद. डबीही कायमची गेली. वाल्ट्राउट कधी जिवंतच नव्हती, तरी माझ्या हातून मेली.