पाय उतरले का तिचे?

५ जानेवारी, उमापूर
आज नारळ फोडून दुकानाचं शटर वर केलं. पहिलीच पाण्याची मोटार दुरुस्तीला आली, चालू केली तर कण्हतेय. झाकण न काढता सांगितलं, बेरिंग गेलंय, वायंडिंग शाबूत हाय. उघडल्यावर तसंच निघालं. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघतच राहिलं. सातवीत शाळा सुटली, पण पुढची तीस वर्षं मोटारी ऐकत काढली, आणि पोट ह्या कानांनीच भरलं.

गाव मोठं, माणसं मोकळी. समोर पिठाची गिरणी, बाजूला चहा. घरमालक विजयसिंहराव म्हणाले, राधाकिशनतात्या, फिकीर करू नका, गाव तुमचंच हाय.

एवढ्या लांब का आलो हे विचारलं तर सांगतो, इकडं पाणी बरं, मोटारी लई. खरं फक्त ह्या वहीत. प्रियदर्शनीनं मनानं लग्न केलं. जावई हरिओम जातीबाहेरचा, दूध डेअरीवर कामाला, पण पोरगा सोन्यासारखा. मी दोघांना हार घातले. भावकीनं मला वाळीत टाकलं. थोरल्या भावाचा म्हाळू चारचौघांत बोलला की काका, कुटं बी लपवा, हुडकीन, दोगांना बी ठेवणार न्हाई. म्हणून लेक नेकनूरला आणि मी इकडं. मला कोणी गाठलं तरी तिचा पत्ता लागायचा नाही. नवा नंबर, नवं गाव. डाव पक्का आहे.

८ जानेवारी
विजयसिंहरावांनी चौकात माझ्या नावाचा फ्लेक्स लावला. माझा फोटो मोठा, त्यांचा त्याहून मोठा. खाली दुकान, गाव, नंबर. नको म्हणणार होतो, पण माणसाचा मान मोडायचा कसा? आणि खोटं कशाला लिहू, आतून गुदगुल्या झाल्या. आयुष्यात एवढा मोठा कधी झालो नव्हतो. त्यांच्या पोरांनी लगेच तो फेसबुकवर टाकला, माझ्या नावाचं खातं काढून तिथंही तोच फोटो बसवला. सहाशे जणांनी अंगठे दाखवले म्हणे. आमच्या काळी अंगठा दाखवला की माणूस भांडायला उठायचा.

११ जानेवारी
हरिओमचा फोन आला. प्रियूला सातवा लागलाय, पाय सुजलेत. तिची आई असती तर चुलीपुढून न उठता उपाय सांगितला असता. मी कोणाला विचारू? फेसबुकवर बाळंतपणाच्या सल्ल्याचा बायकांचा एक ग्रुप आहे, तिथं विचारलं. लेकीचं नाव नाही, गाव नाही. मी काय खुळा आहे? अकरा बायांनी उत्तरं दिली. पाय उशीवर ठेवा, पण आधी दवाखान्यात दाखवा. एकीनं लिहिलं, बाप असावा तर असा. हरिओमला लगेच कळवलं.

१३ जानेवारी
दुपारी अनोळखी नंबरावरून आवाजाचा मेसेज आला. अठरा सेकंद. कोणीच बोलत नाही. चुकून आला असेल म्हणून सोडणार होतो, पण कान ऐकेना. परत लावला. मागं मोटार चालू आहे. पाच एचपी, बेरिंग कोरडं, दर फेऱ्याला बारीक चीं. ही समोरच्या गिरणीची मोटार. कालच गिरणीवाल्याला ग्रीस भर म्हणून बोललो होतो.

म्हणजे पाठवणारा माझ्या दारासमोर उभा होता. बाहेर येऊन बघितलं. दळणाचे डबे, चार बाया, एक म्हातारा. बस.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ देऊन गेले लोक. त्यातलाच कोणी असेल का?

दुसरा मेसेज. ह्यात मीच बोलतोय. सकाळी एका गिऱ्हाइकाची थट्टा केली होती, मोटारीला बायकोपेक्षा जास्त जपा म्हणून, ती शब्दन्‌शब्द. शेवटी कोणीतरी नाकातून हसतं. ते हसणं ओळखलं. जत्रेत माझ्या खांद्यावर बसून म्हाळू असाच हसायचा.

मला हुडकलं. ठीक आहे. ती तर नेकनूरला आहे. तिचं त्याला काय माहीत?

१५ जानेवारी
आज लिहून पाठवलंय. एकच ओळ.

काका, पाय उतरले का तिचे?

तो बायकांचा ग्रुप उघडून बघितला. मी नाव लिहिलं नव्हतं, पण प्रश्नाच्या वर माझं पूर्ण नाव आणि फ्लेक्सवरचाच फोटो आपोआप बसलाय. कोणालाही दिसेल असा. प्रश्न काढून टाकला. सांडलेलं पाणी भरून काय होतंय?

त्याला सातवा महिना कळला. उद्या गाव कळेल. ह्या फोनातून आणखी काय काय गळतं मला काय ठाऊक? म्हणून फोन लावायचा नाही. फोन दुकानात चालू ठेवून मागच्या दारानं निघायचं. वाजत राहू दे इथं.

१६ जानेवारी, नेकनूर
गेवराई, बीड, नेकनूर. तीन गाड्या बदलल्या. मागचा प्रत्येक पाय ऐकला. कोणी नव्हतं.

लेक बघितली. पाय अजून सुजलेलेच. दोघांना सगळं सांगितलं. उद्या हरिओम सकाळचं दूध उरकून आला की तिघांनी सोलापूर गाठायचं.

गल्लीला मात्र खरं सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडानं सांगावं की हिच्या माहेरालाच हिचा जीव घ्यायचाय? प्रियू म्हणत आली की माहेर लांब आहे. म्हणून मला बघून शेजारच्या साखराबाई रडल्याच. म्हणाल्या, इतके दिस पोरीच्या माहेरचं कुत्रं फिरकलं न्हाई, आज बाप आला. खोबरं, खण आणून तिथंच ओटी भरली. त्यांची सून योगिता मोबाइल धरून उभी. मी तोंड फिरवलं. म्हटलं, आपलं घरातच ठेवील.

घरातच ठेवील —

१७ जानेवारी, सकाळी साडेआठ
योगितानं कौतुकानं दाखवलं. ओटी भरतानाचा व्हिडिओ, काल संध्याकाळीच टाकलाय. “अखेर माहेर आलं.” खाली नेकनूर, गल्लीचं नाव. मागं आमचं दार. नऊ हजार लोकांनी बघितला.

त्यांच्यात म्हाळू. जोडलेले हात, आणि खाली लिहिलंय, “आमी बी येतोय.” रात्रीच लिहिलंय. योगिता म्हणते, किती चांगलं ना काका.

काढ म्हटलं. का, विचारते. हिच्या माहेरचेच मारायला येतायत हे तिला कसं सांगू? म्हटलं, आधी फोन दे. योगिताच्याच फोनवरून हरिओमला लावला. वाजतोय. उचलत नाही.

पावणेनऊ
घरात येऊन प्रियूच्या फोनवरून पोलिसांना एकशे बारावर सांगितलं. गाडी पाठवतो म्हणाले. परत हरिओमला लावला. आता फोन बंद.

प्रियूला आतल्या खोलीत बसवलंय. पुढच्या दाराला कडी, वर खाट लावली. लिहितोय ते एवढ्यासाठी की काही झालं तर नाव कागदावर राहावं. म्हाळू. माझ्या सख्ख्या भावाचा. दुसरं कोणी नाही.

नऊ
डिझेल गाडी. गल्लीच्या तोंडाशी. इंजिन बंद करत नाहीत. चार दारं वाजली — चार माणसं —

म्हाळूचा आवाज. गोड. कोणाला तरी मावशी म्हणतोय. मावशी, आमी तिच्या माहेरचे — खोटं पण बोलत नाही —

साखराबाई. किती खूश झाल्यात. या, या म्हणतात. पाणी विचारतात. प्रियू माझा हात धरून —

ओरडता येत नाही. ओरडलं तर आम्ही आत आहोत हे —

दार वाजवतात. खाट हलत नाही. जड आहे. हलणार नाही —

साखराबाई म्हणतात, पोरगी झोपली असंल, जड पाय हाय. थांबा पाव्हणं, उनात कशाला उभे, माझ्या घरातनं या. तिच्या नि माझ्या खोलीला मधलं दार हाय. कडी माझ्याच बाजूनं —

मधलं दार. मी ते भिंतीतलं कपाट समजलो होतो —

प्रियू, मागं हो, मागं —

कडी निघा