लूमचा जुना अर्थ

अण्णा, लूम या शब्दाशी माझं पुन्हा भांडण लागलंय आणि ते तुम्हालाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं की म्हणतात, बाई रिटायर झाल्या तरी यांचा तास काही संपत नाही. कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे खोड जात नाही हे खरं. पण या वेळी मी आपणहून गेले नव्हते, काम घरी चालून आलं. तुम्ही जन्मभर राबलात ती गिरणी पाडली, ती जागा बरीच वर्षं पत्रे लावून पडून होती, आणि आता तिथे टॉवर उभा राहिलाय. त्याच्या लॉबीत एक जुना लूम मांडलाय. त्याच्या शेजारी पाटी लावायची होती, इंग्रजीत आणि मराठीत. जाहिरात कंपनीतल्या एका मुलीला माझ्या जुन्या विद्यार्थिनीने माझा नंबर दिला. मुलगी गोड आहे, मला मॅम म्हणते. तिने इंग्रजी मजकूर पाठवला. वर टॉवरचं नाव होतं, एअरलूम, आणि खाली लिहिलं होतं की या गिरणीत बापाकडून मुलाकडे पिढ्यानपिढ्या लूम सोपवला गेला. याचं छानसं मराठी करून द्या, मॅम. मी ते वाचलं आणि चहा तसाच ठेवून बसून राहिले.

तुम्हाला तो रविवार आठवतो का? शिवडीची आपली खोली, आई चुलीशी, तुम्ही खाली बसून सुकट निवडताय, आणि मी तुमच्यासमोर ती डिक्शनरी उघडून बसलेय. फोर्टातल्या फूटपाथवरून तुम्ही ती माझ्यासाठी आणली होती, गिरणीतल्या फडक्यात गुंडाळून. पहिली काही पानं गळालेली होती, त्यामुळे ए अक्षराचे बरेचसे शब्द मला फार उशिरा भेटले. तुम्ही म्हणालात, "बाय, लूम बघ काय लिहिलाय." मी शोधून वाचलं. फार पूर्वी इंग्रजीत लूम म्हणजे कापड विणायचं यंत्र नव्हतंच. लूम म्हणजे कुठलंही हत्यार, कामाची कुठलीही वस्तू, घरातलं भांडंसुद्धा. मागाहून अर्थ आटत आटत एकट्या मागापुरता उरला. तुम्ही सुकटीतला हात थांबवून हसलात. "म्हंजे माझ्या आज्याची कुऱ्हाडपण लूम? आईची परातपण?" मी म्हटलं, हो, त्या काळी असतं तर. आई म्हणाली, "मग माझ्या लूममधी पीठ मळू दे आता, उठा." इतके मोकळे हसताना मी तुम्हाला फार वेळा पाहिलेलं नाही.

मग मला चेव आला. मी म्हटलं, अण्णा, यातूनच आणखी एक शब्द झालाय, एअरलूम, लिहायचा मात्र एचपासून. एअर म्हणजे वारस. बाप गेला की त्याचं हत्यार वारसाच्या हातात येतं, ते एअरलूम. तुम्ही विचारलंत, "हत्यारच ना? दागिना नाही?" नाही, आधी हत्यारच, मी म्हटलं, दागिने मागाहून आले. तुम्ही परत सुकटीकडे वळलात. मला वाटलं कंटाळलात. मी पुस्तक मिटणार तेवढ्यात तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "आपल्याकडं ते हत्यार येऊच दिलं नाही, बाय." आणि मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, एकदाच. परत कधी विषय काढला नाहीत.

आजोबांची सगळी नोकरी रिंग खात्यात गेली, सूत कातण्यात. तुमचीही तिथेच. लूमखात्यात पगार जास्त, मान जास्त, पण आपल्या माणसांना तिथे घेत नसत. का, ते मला तोवर माहीत नव्हतं. तुम्ही हातातल्या सुकटीच्या काडीने दाखवलंत. लूममध्ये आडवं सूत इकडून तिकडे नेतो तो धोटा, होडीच्या आकाराचा, लाकडी, टोकांना लोखंडी टोप्या. पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्याला सगळ्यात झटपट उपाय तोंडाचा. भोकाला ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा, सूत ओठांवर येतं. पाळी बदलली की दुसरा माणूस त्याच लूमवर, तोच धोटा, तेच भोक. आपलं उष्टं त्यांना चालणार नव्हतं. तुमच्या वेळेपर्यंत शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता, तोंडाने कुणी काही बोलत नसे. खात्याचा मुकादम, जॉबर, नुसता म्हणायचा, तू रिंगला जा, इथे जागा नाही.

जागा एकदा झाली. गणपतीला कोकणातले विणकर गावी गेले, लूम रिकामे पडले, आणि कुणीच मिळेना म्हणून जॉबरने तुम्हाला बदलीवर उभं केलं. तुम्ही सांगत होतात तेव्हा तुमचा चेहरा मी बघत होते. कापड कसं अंगासमोर वाढत जातं, पहिल्या दिवशी सूत ओढताना तोंडात कापसाची धूळ कशी गेली, खोकला कसा आला, आणि तरी किती बरं वाटलं. मग गणपती संपले, माणसं परतली. तुम्ही ज्यांचे लूम चालवले होते ते आपल्या पलीकडच्या चाळीतलेच. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो, तेच. त्यांना कळलं मध्ये कोण उभं होतं. पाळी सुरू व्हायच्या आधी मामा आपले सगळे धोटे घेऊन नळावर गेले आणि ते धुतले. तुम्ही तिथेच हात धूत होतात. त्यांनी तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गावासून इलंय, धूळ बसली हुती म्हणान धुतलंय." लाकडाचा धोटा कुणी पाण्याने धुतो का? पाण्याने लाकूड फुगलं, वरचे तंतू उठले, धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांत अडकायला लागला, सूत पटापट तुटलं, कापड खराब झालं. जॉबरने सगळ्यांसमोर ठरवून टाकलं, बदलीवाल्याने लूम बिघडवला. तुम्ही त्याच दिवशी रिंगला परत, ते कायमचेच.

मी विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही की धोटे भिजवले म्हणून? तुम्ही म्हणालात, "सांगितलं असतं तर का भिजवले तेपण सांगायला लागलं असतं. माझ्या तोंडानं?" मला त्या वयात राग आला होता. तुमचाच. आणि त्याच क्षणी मला आठवलं, काही दिवसांपूर्वी युनिफॉर्मचं बटण लावताना सुईत जाईना म्हणून मी दोरा तोंडात धरला होता, तर तुम्ही माझा हात झटकलात. "तोंडात दोरा घालायचा नाही. पाणी घे." आई म्हणाली, अहो, मग सगळ्या बाया काय करतात? तुम्ही उठून गॅलरीत गेलात. आजही मी दोरा ओवताना वाटीत बोट बुडवते. आमच्या सूनबाईला ती गंमत वाटते.

तर असा हा शब्द, अण्णा. मी तो वर्गात कितीदा शिकवला. हत्याराचा माग झाला, वारसाच्या हत्याराचा खानदानी दागिना झाला. मधल्या काळात कायद्यात असंही होतं की काही वस्तू घरालाच चिकटलेल्या मानायच्या, घर ज्याला मिळेल त्याला त्या मिळणार. मग पैठण्यांच्या जाहिरातीत एअरलूम आलं. परवा लोअर परळच्या मॉलमध्ये जुन्या वाणाच्या टोमॅटोच्या टोपलीवर तोच शब्द होता, आणि टोमॅटोही वेडेवाकडे, भायखळ्याच्या भाजीवाल्याने फुकटात घातले असते असले. मी एकटीच हसले. शब्दांचं असंच असतं, ते कुणाच्या बापाचे नसतात, असं मीच मुलांना सांगायचे. पण टॉवरच्या मजकुरात बापाकडून मुलाकडे वाचलं आणि मला माझंच वाक्य पटेना. तुमच्या बापाकडून तुमच्याकडे काय आलं, ते मला माहीत आहे. त्या पाटीवर खरं यावं, एवढंच मला हवं होतं. बाकी टॉवर त्यांचा, लॉबी त्यांची.

त्या मुलीकडून कळलं की लूमही तुमच्या गिरणीतला नाही. भिवंडीहून भंगारातून आणलाय. त्यात धोटा नव्हता, आणि मॅम, तुमच्या ओळखीत कुणाकडे असेल का? होता. मामांच्या मुलाकडे. तो लालबागला मसाला कांडून देतो, तुम्ही त्याला लहानपणी बघितलंय. मी गेले तेव्हा दुकानात मिरच्यांचा असा खकाणा उडालेला की दोघंही शिंकत शिंकत बोललो. धोटा म्हटल्यावर त्याने आतून काढून आणला, फडताळात देवाच्या बाजूला ठेवलेला. दसऱ्याला झेंडू वाहतो म्हणाला. सांगू की नको? मामा आपल्याकडे जयंतीला जेवायला यायचे, तुमच्या मातीला आले होते, आणि तुम्ही मला बजावलं होतं की त्यांच्या पोरांना यातलं काही बोलायचं नाही. तरी मी म्हटलं, पाटीवर मला एक गोष्ट लिहायचीय, तुझ्या वडिलांशी संबंध आहे तिचा. तो कांडणाऱ्या पोऱ्याला मशीन बंद कर म्हणाला.

"धोटे धुतले ती ना?" तो म्हणाला. "म्हातारा शेवटी शेवटी तेच बडबडायचा गं. धोटे धुतलंय, धोटे धुतलंय. आम्हाला वाटायचं भ्रम झालाय. मग एकदा शुद्धीत असताना सगळं सांगितलंन." मी विचारलं, अण्णांना कधी काही बोलले का? तो म्हणाला, "बोलला असता तर शेवटाक बडबडला असता कशाला?" मग त्याने धोटा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "लिही तू. म्हाताऱ्याचं नाव नको घालू, बास." चहा पाजल्याशिवाय त्याने मला सोडलं नाही.

मी लिहिलं. फार काही नाही, तीन वाक्यं. या धोट्यात सूत तोंडाने ओढावं लागे. ज्यांचं उष्टं इतरांना चालत नसे त्यांना म्हणून या खात्यात काम मिळत नसे. त्यांच्या मुलांकडे लूम आला नाही. कुणाचं नाव नाही, शिवी नाही, रडगाणं नाही. बापाकडून मुलाकडे हे मी काढून टाकलं. तीन दिवस तिकडून काहीच नाही, मग मुलीचा फोन. "मॅम, खूप स्ट्राँग लिहिलंय तुम्ही. मला रडू आलं, खरंच. पण सर म्हणतायत लॉबीला थोडं हेवी होतं. लोकांचं घर आहे ना ते." मी म्हटलं, आमचंही पोट होतं ते. तिच्यावर काय चिडायचं, तिची नोकरी आहे. शेवटी पाटीत बापाकडून मुलाकडे गाळलं, तेवढं माझं ऐकलं. आणि माझं पहिलं वाक्य जरा बदलून ठेवलं, कारण ते सरांना आवडलं. आता तिथे लिहिलंय की इथले विणकर धोट्यात सूत श्वासाने ओढत, इथलं कापड श्वासांनी विणलेलं आहे. सुंदर वाक्य आहे, अण्णा. मी परीक्षेत त्याला पूर्ण मार्क दिले असते. माझी झोप त्याने उडालीय. तुमचा श्वास त्यात नव्हता हे कोण सांगणार, आणि काही दिवस होता हेही कोण सांगणार?

पाटी ठरली तेव्हा धोटा अजून माझ्याकडेच होता, दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस न्यायला येणार होता. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसले, आईच्या शिवणाच्या डब्यातलं जुनं रीळ काढलं आणि दोरा धोट्याच्या पोटातून भोकाच्या तोंडाशी आणून ठेवला. किती वेळ नुसती बघत होते. मग ओठ लावले. लाकूड गुळगुळीत होतं आणि त्याला अजून तेलाची चव होती, थोडी मिरचीची. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा जोरात श्वास घेतला आणि दोरा आला, अण्णा. सरळ जिभेवर आला. मी खोकत होते आणि हसत होते, आणि मग रडले, चांगली रडले. मामांनी ओठ लावले ते हेच भोक असणार.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला, मी धोटा दिला. आता तो काचेत आहे, वर शब्द आहे एअरलूम, आणि मी बाहेरून जाताना मान वळवून बघते. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, शिवडीची खोलीही आता राहिली नाही, तेव्हा डिक्शनरीत ठेवीन. एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवत नाही. दारावर बेल वाजली तेव्हा मी ओट्यावरचं फडकं हातात घेतलं होतं, धोटा पुसायला. का घेतलं, कुणाला काय वाटेल म्हणून घेतलं, मला सांगता येत नाही. मग ते खाली ठेवलं, आणि धोटा तसाच दिला.