मऊ भाकरीच्या अंतरावर

सोलापूर,
गुरुवार, ११ जुलै १९७४

तीर्थरूप रंभाआत्यांच्या पायांवर वच्छलाचे दोन नमस्कार. पहिला नेहमीचा, दुसरा काम आहे म्हणून. (काम शेवटी सांगते. शाळेत मुलांचे निबंध तपासताना तुम्ही आधी शेवटची ओळ वाचता हे मला माहीत आहे. या पत्रापुरतं तसं करू नका.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? सांगोल्याला पाऊस झाला का? आमच्याकडे ढग येतात, शिवार बघतात आणि पाहुण्यासारखे चहा न घेता निघून जातात. आईची कंबर बरी आहे. आप्पाही खुशाल आहेत, त्यामुळे घरातले बाकीचे थोडे त्रासात आहेत. माझी प्रकृती उत्तम. अक्षर जरा हललेलं दिसेल, पण काळजी करू नका. पेन नवं आहे.

मी पहिल्या वर्षाला पास झाले हे तुम्हाला कळलंच आहे. पेढे तुमच्यापर्यंत पोचले नाहीत, कारण ते धोंडप्पा कंडक्टरच्या हाती दिले होते आणि त्यानं वाटेत सगळ्या गाडीला वाटले. गावची पोरगी सायन्सला पास झाली म्हटल्यावर त्याला राहवलं नाही. त्याच्यावर रागावू नका, माझं पुढचं सगळं त्याच्याच गाडीवर अवलंबून आहे.

तर पास होण्याचा एक तोटा निघाला. होस्टेलमध्ये यंदापासून नियम झाला आहे की पहिल्या वर्षाच्या मुलींना आधी जागा द्यायची. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना आता शहराची ओळख झाली, त्यांनी आपापलं बघावं. उरलेल्या खोल्यांसाठी यादी लागली, तीत माझं नाव चौथं, आणि वरच्या तिघी चांगल्या धडधाकट आहेत. घरून रोज येणं-जाणं करावं तर प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं आणि आपल्या फाट्याला थांबणारी शेवटची गाडी पाचला जाते. आप्पा म्हणाले, "आमुशापातुर जागा बघायची. घावली तर शीक. न्हाय घावली तर वह्या बांध आन् घरला चल, हितं काय कमी हाय व्हय?" हितं काहीच कमी नाही, आत्या. फक्त हितं बी.एस्सी. नाही. अमावास्या पुढच्या शुक्रवारी आहे.

आता जागा कशी बघायची याबद्दल आप्पांचं एक शास्त्र आहे, ते आधी सांगितलं पाहिजे. तुम्हाला माहीतच आहे की मागच्या वर्षभर आई पहाटे उठून भाकरी करायची आणि डबा सकाळच्या गाडीनं माझ्याकडे यायचा. रिकामा डबा दुपारच्या गाडीनं परत. (रिकामा म्हणायचा एवढंच. भांडं रिकामं परत करू नये हे तुम्हीच मला शिकवलंत, म्हणून मी त्यात कधी चार चिंचा, कधी सुईदोरा, एकदा काहीच नव्हतं म्हणून खडूचा तुकडा घालत असे. आईला वाचता येत नाही, पण डबा उघडून ती मी कशी आहे ते बरोबर सांगते. खडूच्या दिवशी म्हणाली होती, पोरगी आज कंटाळली.) तर आप्पांनी ठरवलं की खोली कशीही असो, तिथं आपली भाकरी मऊ पोचली पाहिजे. भाडं, भिंती, नळ हे सगळं नंतर.

म्हणून मागच्या आठवड्यात ते तीन दिवस रोज गाडीनं आले. प्रत्येक वेळी काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेली एक ताजी भाकरी. फडक्याला त्यांची ती पोत्याची गाठ, जी मारायला ते एक क्षण घेतात आणि सोडायला घरातले सगळे लागतात. स्टँडवरून तडक नव्या घराच्या दारात जायचं, गाठ दातांनी सोडायची आणि भाकरीची घडी घालून बघायची. घडी पडली तर घर पास.

पहिलं घर नवी पेठेत, कापडाच्या दुकानावरची खोली. मालकीण गौरम्मा, विधवा, अतिशय देवभोळ्या. जिना झाडलेला, खोलीत उजेड, खिडकीतून सगळी पेठ दिसते. आप्पांनी दारातच भाकरी काढली. गौरम्मांना वाटलं, खेड्यातली माणसं घरचं काही घेऊन आली आहेत. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि आत देवापुढे नेऊन ठेवली. आता देवापुढची भाकरी परत मागून तिची घडी कशी घालायची? आप्पा बराच वेळ देवघराकडे बघत बसले. गौरम्मांना ती भक्ती वाटली आणि त्यांनी भाडं तिथल्या तिथे दोन रुपयांनी कमी केलं. एवढ्या चांगुलपणापुढे आप्पांना गप्प राहवेना. म्हणाले, "बाई, तुमच्यापासनं लपवत न्हाय. आमच्या डब्यात आयतवारी मटन असतंय." गौरम्मांनी शांतपणे चहा दिला, भाकरी परत आणून दिली आणि आम्हाला जिन्यापर्यंत पोचवलं. आप्पांनी जिन्यातच घडी घातली. पडली. तेवढ्यानं त्यांना फार वाईट वाटलं.

दुसरं घर सात रस्त्याजवळ, स्टँडपासून या तिन्हींत सर्वांत जवळ. घडी अशी पडली की जणू रुमाल. पण मालक कुंडलिकराव हे शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्ती त्यांनी अजून मनावर घेतलेली नाही. भिंतीवर एकोणीस नियम. (सतरावा: जिन्यात विचार करीत उभे राहू नये.) त्यांनी मला आवर्त सारणी विचारली, ती मी सांगितली. मग आप्पांकडे वळून विचारलं की भीमा नदीची लांबी किती. आप्पा म्हणाले, "आमच्या शिवारापातुर येत न्हाय, एवढं ठावं हाय." कुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला आणि उत्तर अपूर्ण आहे असा शेरा दिला. खोली द्यायला ते तयार होते, दर महिन्याला पालकांनी भेटायला यावं एवढीच अट. आप्पा रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "शिकायला तू ठेवल्यालीस का मी?" विषय संपला.

तिसरं घर अक्कम्मांचं, विणकरांच्या वस्तीत. हे मी केवळ यादी पुरी व्हावी म्हणून लिहिते. खाली चादरींचे चार माग, वर लाकडी माळ्यावर खोली. माग चालू असले की घरात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठ वाचून आणि हातवाऱ्यांनी बोलतात. जेवायला चल, पाणी आलं, पोस्टमन आला, प्रत्येकाला वेगळी खूण. अक्कम्मांचे सासरे मागाशेजारीच गाढ झोपतात आणि वीज जाऊन माग थांबले की दचकून उठतात. (असं ऐकलं.) दोन दिवसांत कान सरावतो म्हणे, आणि मग उलट कॉलेजची लायब्ररी भुताटकीची वाटते. चौथ्या दिवशी तर शेवटच्या बाकावरून सरांचं पुटपुटणंही नुसत्या ओठांवरून कळायला लागतं. (हेही ऐकलं.) पण खोली हलते, टेबल हलतं, हे काही चांगलं नाही.

शिवाय ती स्टँडपासून या सगळ्यांत लांब. आम्ही बोळांत दोनदा चुकलो, आणि ज्याला वाट विचारावी तो तेलुगूत इतकी सविस्तर सांगे की मधेच निघणं बरं दिसेना. पोचलो तेव्हा भाकरीचा निकाल लागलेला होता. आप्पांनी घडी घातली आणि तिचे दोन तुकडे झाले. मागांच्या आवाजात तो कट् कोणालाही ऐकू आला नाही, पण मी आप्पांचं तोंड बघत होते, मला ऐकू आला.

अक्कम्मांनी दोन्ही तुकडे बघितले. त्यांना वाटलं, माणूस भुकेला आहे आणि कोरडीच खातो आहे. आप्पांचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं, शिंक्यातून स्वतःची कडक भाकरी काढली, आमची त्यावर ठेवली, वर दही, बाजूला शेंगाचटणी. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "बस, मामा. कडक हाय म्हून काय झालं, सोलापुरात काय मऊ मिळतंय, सांग." आप्पांनी दोन्ही भाकऱ्या संपवल्या, चटणी मागून घेतली, मागाचा धोटा कसा पळतो ते पोरासारखं वाकून बघितलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, न्हाय.

मी म्हटलं, आप्पा, कडक भाकरी आपण घरीही खातो की. तेव्हा ते चालता चालता माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती करून कडक केल्याली असती. ही वाटंत कडक झाली. भाकर मऊ पोचली म्हंजी पोरगी लांब न्हाय, एवढंच बघतुया मी." यावर मी स्टँडवर चार आण्यांच्या शेंगा घेतल्या, आत्या. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघं फलाटावर शेंगा खात उभे राहिलो.

तर सर्व बाजू निष्पक्षपणे मांडल्या आहेत. होस्टेल उत्तम, पण मिळत नाही. नवी पेठ उत्तम, पण आपण आयतवारी मांसाहारी. सात रस्ता जवळ, पण आप्पा नापास. विणकरांचं घर लांब, गोंगाटाचं, हलतं. तुम्हीच माझ्याइतक्या असताना भांडून ट्रेनिंग कॉलेजला गेलात. कोणती जागा घ्यावी ते कळवावं. तुम्ही सांगाल ते मला मान्य. गुडघ्याला जपा, तिसरीच्या मुलांमागे पळू नका.

तुमची
वच्छला

ता. क. आता काम. तुम्ही मला कळवायची गरज नाही, आप्पांना कळवा. ते जगात दोघांचंच ऐकतात, तुमचं आणि रेडिओवरच्या बाजारभावांचं, आणि बाजारभावांशी निदान वाद घालतात. त्यांना लिहा की वच्छलानं अक्कम्मांकडेच राहावं. लिहा की तुम्ही सांगोल्याला गेलात तेव्हा पहिली दहा वर्षं आजीनं धाडलेल्या कडक भाकऱ्यांवर काढलीत, आणि तरी काही परक्या झाला नाहीत. वाक्य तुमचं तुम्ही चांगलं कराल. फक्त अमावास्येच्या आत करा.

दुसरा ता. क. खोटं बोलून नमस्काराचं पुण्य जायला नको, म्हणून सांगते. पेन जुनंच आहे. होस्टेलमध्ये माझी मैत्रीण मायाक्का हिच्या खोलीत मला फक्त रविवारपर्यंत पाहुणी म्हणून राहता येत होतं. सोमवारी ट्रंक घेऊन मी इकडे आले. हे पत्र माळ्यावर बसून लिहिते आहे आणि खाली चारही माग चालू आहेत. वर जे जे ऐकलं म्हणून लिहिलं ते पाहिलेलं आहे. आप्पांना ठाऊक नाही, त्यांना वाटतं मी अजून होस्टेलातच आहे. घाबरायचं कारण एवढंच की मंगळवारी परत जाणारा डबा अक्कम्मांनी घासला आणि रिकामा जाऊ नये म्हणून त्यात मागावरच्या लाल सुताची लडी घातली. मला कळेपर्यंत धोंडप्पाची गाडी सुटली होती. आई खडूवरून मन ओळखते, तिला सुतावरून घर ओळखायला कितीसा वेळ लागणार? काल डबा आला नाही. आज अजून आणायला गेले नाही, धीर होत नाही.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी स्टँडवर जाऊन आले. अक्षर आता सरळ आहे ते बघा, वीज गेली आहे. डबा नाही आला, पिशवी आली. आत आठवड्याला पुरतील एवढ्या भाकऱ्या, पातळ थापून, निखाऱ्यावर उभ्या करून मुद्दाम कडक केलेल्या. सगळ्या त्याच लाल सुतानं एकत्र बांधलेल्या. मला वाटलं आईचं काम. पण गाठ सुटेना. नखांनी नाही, सुईनं नाही. शेवटी दात लावले तेव्हा ध्यानात आलं की ही पोत्याची गाठ आहे.

तेव्हा आप्पांना काही लिहू नका. पत्र मात्र टाकतेच, पाकिटाला तिकीट लावून झालं आहे. तुम्ही फक्त तुमच्या हातची शेंगाचटणी पाठवा, आणि जरा जास्त, कारण धोंडप्पा सांगत होता की आप्पा आयतवारी माग बघायला येणार आहेत. आत्ता मी खाली येऊन पहिली भाकरी मोडली. माग बंद असल्यामुळे तो कट् सगळ्या घराला ऐकू आला, वीज गेल्यापासून जागेच पडलेले सासरेबुवा उठून बसले आणि त्यांनी हात पुढे केला.