शून्य साठ्याची स्ट्रॅटेजी

२ एप्रिल
पुण्याच्या मॅनेजमेंट कॉलेजशी करार झाला. विषय सप्लाय चेन इनोव्हेशन. माझ्या नावाखाली चक्क 'इंडस्ट्री पार्टनर' छापलंय. वरवे गावात पेढ्यांचे बॉक्स करणारा मी, आजपासून इंडस्ट्री! प्रेरणाला कागद दाखवला. ती म्हणाली, इंडस्ट्री का फिंडस्ट्री, आदी दळण आणा. बायकोला व्हिजन नाही.
दळण आणलं.

९ एप्रिल
कॉलेजच्या मॅडम चार विद्यार्थी घेऊन आल्या. गोडाऊनमधले ढीग बघून म्हणाल्या, साठा म्हणजे झोपलेलं भांडवल, ऑर्डर आली की मगच पुठ्ठा आणा, मगच माल करा. मी कधीपासून हेच म्हणत होतो. मनात. दुपारी विद्यार्थी राजगडावर गेले. फील्डवर्क असणार.

१४ एप्रिल
तयार बॉक्स आणि पुठ्ठा, सगळं रद्दीत काढलं. रद्दीवाल्यानं दोनदा विचारलं, खरंच द्यायचंय का. अडाणी.

२० एप्रिल
रिकाम्या गोडाऊनमध्ये आवाज घुमतो. छान वाटतं.

३ मे
सावळारामशेठचा फोन. शिवऱ्याला हायवेवर त्यांचं पेढ्यांचं दुकान. माझा निम्म्याहून जास्त माल तेच घेतात, त्यांच्यावरच तर मशीन चालतं. म्हणाले, निकाल जवळ आलं, माल तयार हाय न्हवं? मी विद्यार्थ्यांनी काढून दिलेला ग्राफ समजावला: मागणीची सरासरी, सरळ रेघ. शेठ म्हणाले, ती रेघ ऱ्हाऊ द्या, बॉक्स हायत का न्हाईत ते सांगा. कुणाकुणाला शिकवायचं?

१२ मे
उद्या दहावीचा निकाल! बोर्डानं हे आज सांगितलं. काही प्लॅनिंग? आमची शिवानीही दहावीला, धड जेवलीसुद्धा नाही. शेठची ऑर्डर आली, सकाळीच बॉक्स हवेत. पुठ्ठेवाला म्हणतो टेम्पो परवा. मॅडमना फोन केला. त्या खूश. म्हणाल्या, आता मॉडेलची खरी टेस्ट.

१३ मे, दुपार
शेठच्या दुकानावर ही झुंबड. पेढे कॅरीबॅगमधून जात होते. मग नसरापूरच्या मानसिंगचा टेम्पो आला. तोही बॉक्सवालाच. ना करार, ना ग्राफ, नुसतं भरलेलं गोडाऊन. शेठनी मला बघितलं, मग त्याचे बॉक्स उतरवून घेतले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१३ मे, संध्याकाळ
शिवानीला ८७ टक्के! रडूच आलं मला.
पेढे आणायला शेठकडेच जावं लागलं. रांगेत उभा राहिलो. शेठनी अर्धा किलो दिले, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, पोरीनं नाव काढलं बघा. मग हळूच म्हणाले, हितनं पुढं माल मानसिंगकडनंच घ्यायचं ठरवलंय, राग मानू नका.
घरी आलो. शिवानीनं बॉक्सवरचं मानसिंगचं नाव वाचलं. पेढे ताटलीत काढले, बॉक्स चुलीत घातला. म्हणाली, पप्पा, शेजारी ताटलीतनंच वाटते, कुणी काही विचारणार नाही.