फुकटच्या जागेची पाटी

तीर्थरूप आत्या,

इथून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तुझी नवी कवळी बसली का? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की ती घातली की बोलता येत नाही आणि काढली की जेवता येत नाही, म्हणून तू दोन्हीच्या वेळा वाटून घेतल्या आहेस. माझं म्हणणं, जेवतानाच घालत जा. तुझं बोलणं कवळीशिवायही सगळ्या आळीला कळतं. माझी तब्येत ठणठणीत आहे. डावा कान तेवढा सुजून वांग्याएवढा झालाय, पण त्याचं कारण पुढे येईलच. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तुझ्या शेजारी बसलेल्या बाबांना सगळं ऐकू येतं. माझं अक्षर बघून हसू नकोस. पाटीवर मी हातभर उंचीची अक्षरं सुबक काढतो, कागदावर एवढी लहान काढायची म्हणजे बोटं अडखळतात. (सातवीत शाळा मी सोडली की शाळेनं मला, याचा निकाल अजून लागलेला नाही.)

तर आत्या, आधी एक कबुली. माझ्या खोलीच्या खिडकीतून तळं दिसतं असं मी बाबांना सांगितलं होतं. ते दिसत नाही. खिडकीतून समोरच्या दातांच्या डॉक्टरची पाटी दिसते, तिच्यावर माणसाएवढी एक दाढ आहे आणि ती मीच रंगवली आहे. खोली बेकरीच्या गोदामावर आहे, खाटा दोन आणि माणसं चार. बेकरीवाला रात्री कामाला जातो तेव्हा त्याच्या खाटेवर मी, तो सकाळी आला की मी उठतो, खाट गार व्हायला वेळ म्हणून मिळत नाही. दुसऱ्या खाटेवर वेल्डर आणि लिफ्टवाला असेच आलटून पालटून. मी थापा मारत नाही हे तुला ठाऊक आहे (निदान ठरवून मारत नाही). झालं असं, बाबांचा फोन आला तेव्हा मी एका हॉटेलच्या पाटीवर तळं रंगवत होतो. बाबांनी विचारलं, खिडकीतून काय दिसतं रे? माझ्या डोळ्यांसमोर तळं होतं, तोंडातून तळं निघालं. पुढे बाबा गप्प झाले म्हणून मी त्यात दोन बदकंही सोडली.

त्याचा परिणाम तुला माहीतच आहे. ज्या माणसानं घड्याळांचं दुकान तापातसुद्धा बंद ठेवलं नाही, तो आठ दिवस कुलूप लावून माझ्याकडे येतोय. फोनवर मला काय म्हणाले ते मात्र तुला सांगितलं नसेल. म्हणाले, "राहणं धड असेल तर राहा बाबा तिथे, पुन्हा विषय काढणार नाही. नसेल तर माझ्याबरोबर परत यायचं आणि दुकानात बसायचं." आता तूच सांग, डोळ्याला भिंग लावून दिवसभर त्या स्टुलावर मी बसेन? तीन महिने बसवलं होतं तेव्हा काय झालं? मी दुरुस्त केलेली सगळी घड्याळं माझ्यासारखीच पुढे पळायला लागली. इथं मी शिडीवर असतो, रस्त्यावर असतो, आज या गल्लीत तर उद्या त्या. पोटापुरतं मिळतं आणि पाय हलते राहतात. बाबांनी ती खोली बघितली की संपलं. तेवढे दिवस कुठे चांगली खोली घ्यावी तर तळ्याकाठच्या लॉजचे दर ऐकूनच आम्ही फोन ठेवला.

मग वेल्डरनं डोकं चालवलं. (माझ्या पाट्यांच्या चौकटी तोच जोडतो. मनानं सोनं, घोरणं मात्र पत्रा कापल्यासारखं.) तो म्हणाला, इथून दोन तासांवर सरकारी जंगल आहे, आत तळीच तळी, आणि तंबू ठोकून राहायला फुकट. मी म्हटलं फुकट कसं? म्हणून विचारायला गेलो, तर वनखात्याच्या कचेरीत भिंतीवर नकाशा होता आणि टेबलाशी एक वनरक्षक बाई. त्यांनी सांगितलं, "नळ नाही, संडास नाही, दिवा नाही, ओटा नाही. काहीच नाही म्हणून फुकट. पाण्यापासून दोनशे पावलं लांब, रस्त्यापासून दोनशे पावलं आत, झाड तोडायचं नाही आणि कचरा आपला आपण परत न्यायचा." मी विचारलं, जागा कुठली घ्यावी? तर म्हणाल्या, "ते शोधायचं असतं. सांगितलं तर फुकट कसलं?" मला एकदम पटलं. खोली दाखवण्यापेक्षा बाबांना सरळ तळंच दाखवायचं. माझं घर तळ्याकाठी आहे म्हणालो होतो, तर आठ दिवस ते खरंच तिथे असेल.

शोधायला मी, वेल्डर आणि त्याची मोटरसायकल, दर आठवड्याच्या सुट्टीला. पहिल्या खेपेला मी उतरवून आणलेल्या नकाशावर तुटक रेघ होती, ती पाऊलवाट समजून गेलो तर तो ओढा निघाला. मोटरसायकल त्यात शिरली ती वेल्डरला सोडून पुढे गेली. दुसऱ्या खेपेला माळासारखी छान सपाट जागा मिळाली, इतकी मऊ की मी उताणा पडून वेल्डरला म्हटलं, गादी लागणारच नाही. मऊ होती कारण खाली मुंग्यांचं गाव होतं. (कान तिथला.) तिसऱ्या खेपेला मात्र तळं असं समोर, पाणी काचेसारखं, आणि आम्ही पाणी नजरेत राहील असा तंबू उभा केला. आता तंबूबद्दल सांगायला हवं. विकत आणायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी काम करतो त्या पाट्यांच्या दुकानातला जुना फ्लेक्स घेतला आणि वेल्डरनं त्याला नळ्यांचा सांगाडा केला. फ्लेक्स चष्म्याच्या दुकानाचा होता. त्यावर एका बाईचा हसरा चेहरा, दोन पुरुष उंच, चष्मा लावलेला, आणि खाली 'आता सगळं स्पष्ट दिसेल'.

ती फ्लेक्सवरची बाई तळ्याच्या पलीकडच्या काठावरूनही दिसत होती. अर्ध्या तासात वनरक्षक बाई फटफटीवर हजर. "जंगलात जाहिरात कोणी लावली?" मी म्हटलं, जाहिरात नाही बाई, आमचं घर आहे. त्यांनी तंबूला एक फेरी मारली, मग पाण्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ही दोनशे पावलं आहेत?" मी म्हटलं मोजलीत, एकशे नव्व्याण्णव. त्या म्हणाल्या, "चला, मी मोजते." आत्या, त्या बाईंचं पाऊल म्हणजे माझी अडीच पावलं. मोजून झालं तेव्हा ऐंशी भरली. शेवटी आम्ही दोघांनी सांगाड्यासकट तंबू उचलला आणि निघालो, पुढे बाई मोजत, मागे आम्ही, मध्ये ती चष्मेवाली हसत. आणि फ्लेक्स उलटा करून लावा, पाखरं बिचकतात, असंही सांगितलं. उलटा केला. त्यामुळे चेहरा आत आला आणि झोपताना एक डोळा माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर राहिला. सकाळी वेल्डर म्हणाला, "बायकोला गावी ठेवून आलो तेव्हापासून एवढं कोणी माझ्याकडे बघितलं नव्हतं."

पण चौथ्या खेपेला जागा सापडली. कशी सांगू! गाडीवाटेपासून चढ नाही की उतार नाही, बाबांचे गुडघे कुरकुर न करता पोचतील अशी. झाडीत मोकळं अंगण, समोर खाली तळं, पुरेसं लांब (बाईंच्या पावलांनी मोजलं), आणि एक आडवं पडलेलं खोड, पाठ टेकायला मागे दुसरं. सकाळी पाण्यावर वाफ होती. मी त्या खोडावर बसलो आणि बसूनच राहिलो. वेल्डरनं चहा केला, चहा गार झाला, त्यानं विचारलं बरं नाही का तुला? लहानपणी तू मला जेवताना खुर्चीला ओढणीनं बांधायचीस, आठवतं? तो मी, आत्या, तासभर हललो नाही. मनात एकच आलं, हे बाबांनी बघायला हवं. तळं नव्हे. मी बसलेलो.

आणि इथेच माझ्या हातानं घात केला. जंगलात दोन फाटे सारखेच दिसतात, बाबांना घेऊन आल्यावर चुकलो तर शोभा होईल, म्हणून मी खुणेला सहा बाण करून आणले. खुणेला खडूची रेघ पुरली असती. पण हाताला सवय वाईट, वाकडा बाण माझ्याच्यानं काढवत नाही. फळ्या घासल्या, अस्तराचा हात दिला, वर पिवळे दोन हात, काळी किनार, बाणाला सावली, आणि शेवटच्या पाटीवर एक छोटा तंबू व निळं तळं. झाडाला खिळा मारला नाही, खांब पुरले. लांब उभा राहून बघितलं तर माझा मलाच बाणामागे जावंसं वाटलं.

तसं ते सगळ्यांनाच वाटलं. पुढच्या सुट्टीला गेलो तर माझ्या अंगणात अकरा गाड्या, तीन कुत्री, गाण्याचा एक डबा आणि बाबांच्या खोडावर एक गृहस्थ दाढी करत बसलेले. मला म्हणाले, "या या, जागा आहे. आम्हीपण पाटी बघूनच आलो. काय सुंदर पाटी हो! नाहीतर सरकारी पाट्या." आत्या, माझ्या कामाची एवढी स्तुती आजवर कोणी केली नव्हती आणि मला एवढं रडूही कधी आलं नव्हतं.

तीन दिवसांनी वनरक्षक बाई काखेत एक बाण घेऊन दुकानात आल्या. मालकांना विचारलं, "हा कोणाच्या हातचा?" मालक खूश होऊन म्हणाले, "आमच्याच दुकानाचा. किती हवेत?" मी शिडीवर होतो, तिथेच राहिलो असतो तर बरं झालं असतं. पण उतरलो आणि सगळं सांगितलं, खोली, खाट, बाबा, बदकं. बाईंनी काखेतला बाण टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, गवत पार तुडवलं गेलंय, ती जागा आता वर्षभर बंद. बाण तू उपटायचे, कचरा तू उचलायचा, आणि 'येथे तंबू लावू नये' अशा सहा पाट्या तूच रंगवायच्या. काल त्या लावून आलो. इतक्या ठसठशीत झाल्यात की कोणी तिथे फिरकायचं नाही. मी तर नाहीच.

तर अशी गत आहे. बाबा बारा दिवसांनी गाडीत बसणार, आणि माझ्याकडे ना खोली ना जागा, एक चष्मेवाली तेवढी आहे. बाकी सगळं क्षेम. शेजारच्या काकूंना आणि आळीतल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

तुझा,
पायाला भिंगरी लावलेला भाचा

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. आत्या, तू आठ-दहा दिवस आजारी पड. फार नको, बाबा तुला सोडून निघणार नाहीत इतपत. मागे पाहुण्यांना घालवायला तू कंबर धरली होतीस ती अजून आळीत लोक आठवतात. कंबरच धर.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवून झोपायला गेलो, पण बेकरीवाल्याच्या खाटेवर डोळा लागेना. कंबर धरू नकोस. बाबा आयुष्यात पहिल्यांदा दुकान बंद करून निघालेत आणि मी त्यांना थांबवतोय, हे काही बरं नाही. त्यापेक्षा तू त्यांना खोलीचं खरं सांगून टाक. माझ्याच्यानं होणार नाही. पण अशा बेतानं सांग की रागावले तरी चालतील, येणं रद्द व्हायला नको. बदकांचं मात्र सांगू नकोस.

ता. क. तिसरा : पाकीट पुन्हा फोडलंय. आत्ता दुकानात मालकांच्या फोनवर बाबांचा फोन आला होता. तिथे थंडी आहे का, पांघरूण आणू का, असं विचारत होते. माझा धीर सुटला, म्हटलं बाबा, खिडकीतून तळं दिसत नाही. तर म्हणाले, "ते मला तेव्हाच कळलं. खिडकीशी बसून बघणारा तू नव्हेस." मी म्हटलं, मग येताय कशाला? फोनमधून त्यांच्या दुकानातल्या घड्याळांची टिकटिक ऐकू आली. मग म्हणाले, "वर्ष झालं तुला बघून." आणि फोन ठेवला. दुकानात बसायचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तेव्हा वर लिहिलेलं काहीच करू नकोस. एवढंच कर. त्यांना सोडायला स्टेशनावर तू स्वतः जा, आत बसव, आणि गाडी हलेपर्यंत दारात उभी राहा. दुकानाला कुलूप नीट लागलं की नाही, असं म्हणत ते नक्की उतरू बघतील. उतरू देऊ नकोस.